बंद करू नको

विठ्ठलवाडी स्टेशनपासून सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक कॉम्प्युटर एकोणीस महिने सलग चालू होता. ऐकणाऱ्याला वाटेल, माणसं येडी की काय. येडी नव्हती. भगवान नौपाड्यातल्या एका दवाखान्यात पेशंटला नंबर द्यायच्या टेबलावर बसायचा, नीला घरी ब्लाउज शिवायची, आणि दोघांनाही विजेचं बिल वाचता येत होतं. पण तो कॉम्प्युटर त्यांच्या सम्यकचा होता, आणि सम्यक जाताना सांगून गेला होता, बंद करू नको.

जाताना म्हणजे कसं, तर तापाने फणफणलेला, खांद्यावर टॉवेल, खाली रिक्षा उभी. दारात चप्पल शोधता शोधता म्हणाला, "आई, डाउनलोड लावलंय, बंद करू नको. संध्याकाळी येतो." एवढंच. चौथ्या दिवशी त्याला घरी आणला तो पांढऱ्या चादरीत. चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा एका डासापायी जातो, यावर माणसाने काय बोलायचं? लोक आले, बसले, उठून गेले. ते डाउनलोड केव्हाच पुरं झालेलं. कॉम्प्युटर मात्र कुणी बंद केला नाही.

मग पुण्याहून पायलचा फोन आला. पायल धाकटी, तिकडे नर्सिंग शिकणारी. दादा मित्रांशी ज्यावर गप्पा मारायचा त्या ॲपमध्ये त्याच्या नावापुढे अजून हिरवा ठिपका दिसतोय, असं ती रडत रडत सांगत होती. कॉम्प्युटरला पंधरा मिनिटं कुणाचा हात लागला नाही की ठिपका पिवळा व्हायचा. माउस हलवला की परत हिरवा. हे नीलाला समजलं मात्र, त्या दिवसापासून तिला कामच मिळालं. शिवता शिवता उठायचं, माउस हलवायचा, परत येऊन बसायचं. सकाळी सहाला आधी माउस, मग चहाचं आधण. पाच मिनिटांत पायलचा मेसेज यायचा, "आई, हिरवा." तो वाचल्याशिवाय नीलाचा दिवस सुरू होत नसे.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय, फोटोबिटो काढून घ्यायचे आणि टाकायचा बंद करून. फोटो पायलने मे महिन्यात पेनड्राइव्हवर घेतलेच होते. ठिपका कसा घेणार? सम्यक घरून कंपन्यांची कामं करायचा, म्हणून त्याने आतल्या डिस्कलाच कुलूप घातलेलं. कॉम्प्युटर एकदा बंद झाला की चालू होताना आधी पासवर्ड मागणार, आणि तो पासवर्ड सम्यकच्या डोक्यात होता. म्हणून भगवानने इन्व्हर्टर बसवला. नीला दिवसातून एकदा मॉनिटर लावायची, अपडेट करू का असं आलेलं असलं की न चुकता "नंतर" दाबायची. कॉम्प्युटरच्या टेबलाकडे ती कुणाला फिरकू देत नसे. एरवी मॉनिटर खराब होऊ नये म्हणून तो बंदच ठेवायची आणि काळ्या पडद्यासमोरच माउस हलवायची.

सगळं सुरळीत चाललेलं, आणि मार्चपासून पंखा बोलायला लागला. मदरबोर्डवर एक चिमुकला पंखा असतो, चार बोटांत मावेल एवढा, खालच्या चिपला थंड ठेवणारा. आधी नुसती गुणगुण होती. मग घरघर सुरू झाली, थांबत थांबत, अडकत अडकत. नीलाला त्याचं काही नव्हतं. उलट तिला ते बरं होतं. मोरीत असो की गॅसपाशी, कानावर आवाज आला की कळायचं, चालू आहे.

भगवानचं तसं नव्हतं. हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्री सम्यकच्या छातीतून असाच आवाज येत होता, आणि तेव्हा पलंगाशी तो एकटा होता. नीलाला त्याने घरी झोपायला पाठवलेलं. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. तो कानात कापूस घालून झोपायचा, दवाखान्यातून उशिरा निघायचा, रविवारी उगाच भाजी आणायला दोनदा जायचा. त्या पंख्याचा त्याला राग यायचा, आणि एखाद्या दिवशी, खोटं कशाला बोला, वाटायचं की जाऊ दे बंद पडून. मग स्वतःचीच लाज वाटायची.

नौपाड्यात दवाखान्याच्या गल्लीतच दिपेशचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. पस्तिशीचा माणूस, डोंबिवलीकडच्या गावातला, जुन्या जमीनवाल्या घरातला. आजोबा काळुराम यांच्या शेतावर आता टॉवर उभे. बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं, पण याला स्क्रू ड्रायव्हर हातात असल्याशिवाय करमत नसे. भगवानने फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेला. दिपेशने कानाला लावून ऐकला आणि सांगितलं की चिपवरचा पंखा आहे, बेअरिंग गेलंय, महिनाभरात जाम होईल. मग चिप तापणार आणि मशीन आपोआप बंद होणार. घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.

भगवानने मग सगळं सांगितलं. दिपेशने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चालू मशीनवर पंखा बदलायचा म्हणजे एक स्क्रू जरी बोर्डवर पडला तरी खेळ खलास, हे त्याने स्पष्ट सांगितलं. पण नाही बदलला तर महिन्याभरात खेळ खलास होताच. शेवटी म्हणाला, रविवारी येतो. भगवान म्हणाला, सकाळी नऊला या. रविवारी नऊला नीला बुद्धविहारात वंदनेला जायची, आणि तिने दुसऱ्या कुणाचा हात कॉम्प्युटरच्या त्या डब्याला लागू दिला नसता. ती नसताना करायचं आणि झाल्यावर सांगायचं, असं भगवानने ठरवलं. आता वाटतं, इथेच चुकलं.

रविवारी दिपेश आला. डबा आडवा केला नाही, होता तसाच ठेवून बाजूचं झाकण काढलं. खोलीतला टेबलफॅन उघड्या बाजूला लावला. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला टेप गुंडाळला, टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे स्क्रू सुटला तरी चिकटून राहील. खाली बोर्डवर जाड कागद सारला. भगवान बॅटरी धरून उभा होता. पहिला स्क्रू आला. दुसरा आला. तिसरा अर्ध्यावर येऊन निसटला आणि कागदावर टप्प करून पडला. दिपेशने तो चिमट्याने उचलला. वायर काढली, आणि घरघर एकदम थांबली.

ती थांबली तेव्हा भगवानला भडभडून आलं. दिपेशने वर पाहिलं नाही. नवा पंखा बसवला, वायर जोडली, तो फिरायला लागला. मॉनिटर लावून पाहिला, सगळं जागच्या जागी होतं. त्याने झाकण लावलं आणि भगवानला कान लावून ऐकायला सांगितलं. अगदी टेकून ऐकलं तर वाऱ्याची एक झुळूक तेवढी ऐकू येत होती. दिपेशने मॉनिटर बंद केला. डब्यावरचा दिवा लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं. आतली वायर सुटी आहे, जोडून देतो, असं तो म्हणाला. भगवान म्हणाला, नको. दिव्यामुळे झोप येत नाही म्हणून सम्यकनेच ती काढलेली. राहू दे तशी.

निघताना दिपेश म्हणाला, "काका, काकूंना आल्या आल्या सांगा. आता आवाज येणार नाही."

भगवान हो म्हणाला. घड्याळात पावणेदहा झालेले, नीला साडेदहाशिवाय येत नसे. त्याने एकदा माउस हलवला आणि दिपेशला सोडायला खाली उतरला. नाक्यावर चहा घेऊ म्हणाला. चहा घेता घेता दिपेशने सहज विचारलं, मुलगा काय काम करायचा हो. आणि भगवान बोलायला लागला. एकोणीस महिन्यांत असं कुणी विचारलंच नव्हतं. सम्यकने हा कॉम्प्युटर एकेक पार्ट जमवून कसा बांधला, पहिल्यांदा चालू झाला तेव्हा कसा नाचला, आईच्या मापाच्या वह्या कशा त्यात उतरवून दिल्या. दुसरा चहा झाला. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून ठेवावं तसं त्याला वाटत होतं. वेळेचं भान राहिलं नाही.

तो वर आला तेव्हा दार उघडंच होतं. नीलाची पांढरी साडी तशीच, पायांत चपला तशाच. ती टेबलाखाली वाकून बसलेली, आणि डब्याचं मोठं बटण अंगठ्याने दाबून धरलेलं.

"अहो, हा बंद पडलाय," ती म्हणाली. "आवाजच येत नाही. मघापासून दाबतेय, चालू होत नाही."

भगवान दारातच थांबला. काय झालं ते त्याला तिथेच कळलं. दारात आल्या आल्या तिने कान दिला असणार, आवाज नाही म्हटल्यावर धावत जाऊन बटण दाबलं असणार, दाबून धरलं असणार, जसं ती टीव्हीचं करायची, मिक्सरचं करायची. बटण असं दाबून धरलं की चालू कॉम्प्युटर बंद होतो; तिने तो स्वतःच्या हाताने बंद केला होता. तिने अंगठा उचलला आणि पुन्हा दाबला. या वेळी तो चालू झाला. भगवानने मॉनिटर लावला. निळ्या पडद्यावर एक रिकामी चौकट आली, पासवर्ड टाका.

त्याने तिला सगळं सांगितलं. पंखा, दिपेश, चहा, सगळं. नीला चौकटीकडे बघत बसली. मग तिने माउस धरला आणि हळूच हलवला, एकदा, परत एकदा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पायल होती. नीलाचा हात माउसवरून निघेना, म्हणून फोन भगवानने घेतला.

"बाबा, दादाचा ठिपका गेला," पायल म्हणाली. "पिवळा पण नाही. गेलाच. लाइट गेली का?"

भगवानने नीलाकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको, सांगू नका.

"मीच बंद केला," तो म्हणाला. "तो आवाज मला सहन होत नव्हता."

 फोन कट झाला.  भगवानला वाटलं, नीला संध्याकाळी तिला खरं सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल.

पायलच्या सुट्ट्या लागल्या, ती आली नाही. नीलाला फोन करते, बाबांची चौकशी करत नाही. विहारातल्या बायकांनी विचारलं तेव्हा नीलाने खाली मान घालून सांगितलं की ह्यांनी बंद केला, ह्यांना आवाजाचा त्रास व्हायचा. पुढच्या वेळी मान एवढी खाली नव्हती. परवा नीलाच्या मावशी भेटायला आलेल्या. भगवान समोरच बसलेला. कोपऱ्यात चादर घातलेल्या टेबलाकडे बोट करून नीला म्हणाली, "मी वंदनेला गेले आणि ह्यांनी बंद करून टाकला. पोरगा सांगून गेलेला, बंद करू नको." बोलताना तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं, आणि त्या डोळ्यांत लपवाछपवी अजिबात नव्हती. तिला आता तसंच आठवत होतं.

मावशी भगवानकडे बघायला लागल्या. तो उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.