पालथा तांब्या

“नाना, पाणी घालून आज पाचवा दिवस. एक कळी नाही हो!” पोर्चमधल्या कुंड्यांपुढे उकिडवी बसून हर्षाली म्हणाली.

खुर्चीतल्या बहिरूनानांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. सुनेने इगतपुरीच्या माहेराहून आणलेल्या या सहा कुंड्या रेन लिलीच्या. तिची आई दर उन्हाळ्यात महिनाभर त्यांचं पाणी तोडायची, मग एकदम भरपूर घालायची. चार दिवसांत कुंड्या गुलाबी होऊन जायच्या. आईच्या वर्षश्राद्धाला तीच फुलं फोटोला वाहायची, असं हर्षालीने ठरवलं होतं. महिनाभर सातपूरला कंपनीत जाताना रोज बजावायची, “नाना, पाणी अजिबात घालू नका हं.”

नाना मान डोलवायचे. पण चाळीस वर्षं कांद्याला पाणी भरलेला माणूस! समोर पात माना टाकतेय आणि आपण चहा पितोय, हे त्यांच्या जिवाला लागायचं. सून फाटकाबाहेर पडली की तांब्या घेऊन उठायचे आणि सगळ्या कुंड्यांना घोट घोट पाजायचे. संध्याकाळी ती येईस्तोवर वरची माती वाळलेली असायची. कंदांना तहानच लागली नाही, तर ते फुलतील कशाला?

“उद्या वर्षश्राद्ध,” हर्षाली म्हणाली. “शेवटच्या फोनवर आई म्हणाली, येऊन जा. मी म्हटलं, रविवारी येते. ती शनिवारीच गेली. तिचा राग अजून गेलेला नाही, नाना.”

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार नव्हतं. तसं मनात आलंही, आणि त्याचीच त्यांना भयंकर लाज वाटली. आपल्या तांब्याभर पाण्यापायी ही पोर मेलेल्या आईची अपराधी होऊन बसली होती.

“तिचा राग नाय, पोरी,” ते म्हणाले. “म्या पाणी घातलं. रोज. तू गेल्यावर.”

हर्षाली बराच वेळ बोटांनी माती चिवडत राहिली. मग उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी फोटोला बाजारचा झेंडू होता. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने सहाही कुंड्या ओढत नानांच्या खुर्चीशी आणल्या.

“आता महिनाभर कोरड्या ठेवायच्या. तुम्हीच सांभाळा.”

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली. नानांनी तांब्या पालथा घातला. ऊन पोर्चमध्ये आलं, पात हळूहळू मान टाकू लागली. नाना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तिच्याकडे बघत बसून राहिले.