गाडी मुरते आहे

सर शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळा सुटली की भेटेल त्याला शिकवत. त्यामुळे गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन हायब्रिडची माहिती द्यायला उभा राहिला खरा, पण थोड्याच वेळात तोच खुर्चीत बसून सरांकडून माहिती घेत होता. इंजिन कधी बंद होतं, बॅटरी कधी पुढे होते, ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत कशी शिरते, हे सगळं सरांनी त्याला त्याच्याच माहितीपत्रकाच्या पाठीवर काढून दाखवलं. सेल्समनला महिन्याचं टार्गेट गाठायचं होतं, म्हणून त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

शेजारी सरांची बायको बसली होती. त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. तिथे त्यांना सगळे ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू. सरांचं व्याख्यान संपल्यावर ताईंनी एकच प्रश्न विचारला.

"याला क्लच नसतो ना?"

"नाही मॅडम. नुसता पाय ठेवायचा."

"मग मी चालवू शकेन."

"शकेन काय, चालवायचीच!" सर म्हणाले. "गाडी आली की पहिली चावी तुझ्या हातात." त्या आनंदात ताईंनी आपल्या बचतीतला चेक फाडला. सरांनी माहितीपत्रकावरच्या एका आकड्याभोवती लाल गोल काढला. लिटरला अठ्ठावीस.

ताईंना चावी कशाला हवी होती? त्यांची आई शहराबाहेर, टेकडीवरच्या वसाहतीत एकटी राहायची. तिथे जायचं तर दोन बस बदलायच्या आणि मग छातीवर येणारा चढ पायी चढायचा. नाहीतर सरांना विचारायचं. सर नाही म्हणत नसत, ते "बघू" म्हणत. आईला भेटायला कुणाला विचारावं लागू नये, एवढीच ताईंची इच्छा होती. लायसन्स त्यांच्याकडे लग्नाआधीपासून होतं, कपाटात चादरींखाली ठेवलेलं आणि वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. पण जुन्या गाडीत एकदा चढावर क्लच सुटला, गाडी हातभर मागे आली आणि सर असे ओरडले की अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. तेव्हापासून ताई शेजारच्या सीटवर बसायच्या.

गाडीला वेटिंग होतं. त्याच काळात आईची कवळी मधोमध तडकली. डॉक्टरांनी माप घेतलं आणि ताईंनी स्वतःच्या हातांनी नवी कवळी घडवून आईला पोचवली. पण कवळी म्हणजे चप्पल नव्हे, घातली आणि चालू लागलो. ती हिरडीला कुठे टोचते ते बघायचं, तिथे केसभर घासायचं, दोन दिवस वापरू द्यायचं, पुन्हा बघायचं. असं बऱ्याचदा केलं की मग ती बसते. आईला बस झेपत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी हे काम ताईंवरच सोपवलं.

"नवी गाडी येऊ दे," सर म्हणाले. "ही जुनी त्या चढाला पेट्रोल ढोसते. नवी आली की रोज जा!"

ताईंनी आईला फोनवर तसं सांगितलं. आई बोळक्या आवाजात म्हणाली, "जावईबापूंना सांग, दात कोरून पोट भरत नाही. आणि मला तर बाई कोरायलाही दात नाहीत."

शेवटी जुनी गाडी शोरूमने घेतली आणि नवी आली. पांढरी, गुळगुळीत, आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या पावलांचा. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत शेवटच्या थोड्या अंतराचं ॲव्हरेज दिसायचं. पहिली चावी सरांनी स्वतःच घेतली. "एकदा सेट होऊ दे," ते म्हणाले. बाजारापर्यंत गेले, आले आणि पार्किंगमध्ये गाडी उभी करून तसेच बसून राहिले. पडद्यावर एकोणीस होते.

त्या दिवसापासून घरात त्या आकड्याचं राज्य सुरू झालं. आधी एसी बंद झाला. मग डिकीतली छत्री काढली. मग ताईंची पर्स. "काय काय भरतेस यात? वजन किती होतं!" रेडिओ नको, वायपर नको, मोबाइल गाडीला जोडायचा नाही, ब्लूटूथ बॅटरी खातं. लाल दिवा लांबून दिसला की सर पाय काढून घ्यायचे आणि मागचे लोक हॉर्न वाजवून सरांच्या घराण्याचा उद्धार करायचे. आकडा एवढं करून वीसवर गेला. हे सगळं होत असताना आपला स्वभाव मात्र सर जुन्या गाडीतून नव्या गाडीत जसाच्या तसा घेऊन आले होते. मोकळा रस्ता दिसला की पाय जोरात, कुणी पुढे गेलं की आणखी जोरात, आणि मग चरफडत ब्रेक. त्याला पर्स काय करणार?

"आज आईकडे जाऊ या?" ताईंनी विचारलं.

"त्या चढावर? दातांसाठी?" सरांना खरोखरच धक्का बसला. "अगं, आत्ताशी कुठे वीस आलंय."

"मग मी घेऊन जाते. तुम्हीच म्हणाला होतात."

"तू शिकाऊ. तुझ्या हातात गेली की आकडा बसलाच खाली. थोडं थांब गं, आई काही पळून जात नाही."

आई पळून जात नव्हतीच. नवी कवळी पाण्याच्या वाटीत ठेवून ती सगळं पातळ करून गिळत होती. ताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. दिवसभर लोकांचे दात बसवायचे आणि आईच्या तोंडात दात नाहीत, याची त्यांना लाज वाटली आणि सरांचा रागही आला. चेक आपण फाडला होता, हेही आठवलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी कहर केला. आकडा खाली येऊ नये म्हणून ते बसने शाळेत जाऊ लागले. बसचा पास काढला! पेट्रोल वाचवण्यासाठी घेतलेली गाडी पेट्रोल वाचवण्यासाठी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, आणि मालक बसच्या दांड्याला लटकलेला. चावी दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलेली असे.

ताईंची लॅब दुपारी सुटायची. एका दुपारी त्यांनी चादरींखालचं लायसन्स काढलं, घासायची छोटी मशीन पिशवीत टाकली आणि खिळ्यावरची चावी घेतली. पार्किंगच्या खांबापासून गाडी बाहेर काढेपर्यंत त्यांनी ओळखीच्या सगळ्या देवांना कामाला लावलं. पडद्याने विचारलं, फोन जोडायचा का? रस्त्यात काही झालं तर कुणाला तरी कळवता यावं म्हणून त्यांनी हो दाबलं.

मग मात्र गंमत झाली. कवळी घासताना दाब जरा जास्त झाला की दात गेला, हे ताईंच्या बोटांना कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. आता ते पायाला कळलं. त्यांनी पाय नुसता टेकवला आणि गाडी चालू लागली. टेकवून ठेवला आणि गाडी चालत राहिली. त्यांना कुणाच्या पुढे जायचं नव्हतं. सायकलवाल्याने मागे टाकलं, टाकू दे. चढ आला, गाडी आपल्या चालीने चढली. परत येताना उतारावर तर त्यांनी काहीच केलं नाही, पडद्यावरची बॅटरी आपोआप भरत गेली.

आईने घटकाभर कवळी घातली, मग काढून तोंड उघडलं. हिरडीवर लाल ठिपका होता. ताईंनी कवळी त्या जागी केसभर घासली आणि आईने ती पुन्हा बसवून आतून जीभ फिरवून पाहिली.

"एकटी आलीस?" आईने विचारलं.

"एकटी."

"चालवत?"

"चालवत."

आईने लेकीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी सर नेहमीप्रमाणे आकडा बघायला खाली गेले आणि धावतच वर आले. "बावीस! मी हातही लावला नाही आणि बावीस!"

एकूण किती किलोमीटर झाले ते त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण सरांचं एका आकड्यावर प्रेम होतं आणि प्रेमात माणूस दुसरीकडे बघत नाही.

"असं कसं झालं हो?" ताईंनी भीत भीत विचारलं.

सर विचारात पडले. सरांना माहीत नाही असं काही नसल्यामुळे त्यांना कारण लगेच सापडलं. "मुरते आहे," ते म्हणाले. "गाडी मुरते आहे. बॅटरीला विश्रांती मिळाली की आतले कण स्थिरावतात."

ताई दर दोन दिवसांनी टेकडीवर जात राहिल्या. पेट्रोल लागलं तर स्वतः भरत. आकडा तेवीस झाला, पंचवीस झाला. इकडे सरांचा सिद्धांतही वाढत होता. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी आलेख लावला, आडव्या रेघेवर विश्रांतीचे दिवस आणि उभ्या रेघेवर ॲव्हरेज. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या गाडीला आठवडाभर विश्रांती दिली, तिची बॅटरी पार उतरली आणि ती ढकलत गॅरेजला न्यावी लागली. "तुमची हायब्रिड नाही ना," सर दयेने म्हणाले.

ताईंना हसू यायचं आणि मग भीतीही वाटायची. सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात रोज येई. पण सांगितलं तर चावी खिळ्यावरून सरांच्या खिशात जाईल हे नक्की होतं, आणि कवळी अजून एका बाजूला टोचत होती. एवढी बसू दे, मग सांगू, असं म्हणून त्या गप्प राहिल्या.

आकडा सत्तावीस झाला तेव्हा सरांना राहवेना. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर त्यांनी मैदानात प्रात्यक्षिक ठेवलं. गाडी मोठ्या मानाने आणली, पुढे मुख्याध्यापकांना बसवलं, मागे चित्रकलेच्या सरांना आणि ताईंना. "तू ये," ते ताईंना म्हणाले होते, "तुझाही चेक आहे त्यात." बाकीचे शिक्षक खिडक्यांतून डोकावत गाडीबरोबर चालू लागले.

पहिल्या फेरीत सत्तावीसचे सव्वीस झाले. दुसऱ्या फेरीत पंचवीस. सरांच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"वजन," ते म्हणाले, आणि चित्रकलेच्या सरांना उतरवलं. चित्रकलेचे सर उतरताना म्हणाले, "माझं वजन कमी करून कुणी एवढं खूश होईल असं वाटलं नव्हतं." पुढच्या फेरीत सर चिडले, पाय दाबला गेला आणि आकडा तेवीसवर घसरला. सरांचा चेहरा बघून ताईंना वाईट वाटलं. मनापासून वाटलं. शेवटी आपला माणूस होता, चारचौघांत तोंडावर पडत होता आणि खड्डा आपणच खणला होता.

"अहो," त्या पुढे झुकून म्हणाल्या, "मला तुम्हाला एक सांगायचं…"

तेवढ्यात गाडीच वाजायला लागली. पडद्यावर 'आई' अशी अक्षरं उमटली. सरांचा स्वतःचा फोन गाडीला कधी जोडलेलाच नव्हता. ही काय भानगड आहे हे बघायला त्यांनी बटण दाबलं आणि चारही बाजूंच्या स्पीकरमधून सासूबाई बोलू लागल्या. आवाज खणखणीत होता, एकही अक्षर गळत नव्हतं.

"अगं, आज मी अख्खं सफरचंद खाल्लं! चिरून नाही, चावून खाल्लं. दोन्ही बाजूंनी! तुझे दात बसले बरं. आता त्या चढावरून तू एकटी गाडी घेऊन एक दिवसाआड येतेस ते नको येऊ. जावईबापूंना उगाच पत्ता लागायचा."

गाडी थांबली. खिडक्यांशी चालणारे शिक्षकही थांबले. मुख्याध्यापकांनी समोरच्या काचेतून बाहेर बघत फार सावकाश विचारलं, "म्हणजे सर, गाडी विश्रांतीला सासूबाईंकडे जात होती?"

मैदानभर हशा पिकला. ताईंचे डोळे भरून आले होते, पण ते सरांमुळे नव्हते. सफरचंद. चावून.

हसणं ओसरल्यावर सर मागे वळले. आता ओरडणार, म्हणून ताईंनी पर्स घट्ट धरली.

"चढाला काय करतेस?" सरांनी हळूच विचारलं.

"पाय टेकवते. दाबत नाही."

"फक्त टेकवतेस?" सरांनी तेवीसकडे बघितलं आणि पडलो तरी नाक वर अशा थाटात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चढउतारामुळे बॅटरीला व्यायाम मिळतो. मी आलेखात तेवढं दुरुस्त करतो. तू असं कर, आईकडे जात जा. रोज जा. चढच हवा!"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आईचे दात दिसले नाहीत, लेकीची तगमग दिसली नाही. जे महिनोन्‌महिने मागून मिळालं नाही ते आकड्याने एका मिनिटात देऊन टाकलं होतं. रागवावं की हसावं हे त्यांना कळेना. मग त्या गाडीतून उतरल्या आणि सरांच्या बाजूचं दार उघडून उभ्या राहिल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"का?"

"वजन होतं."

मुख्याध्यापक पटकन दुसऱ्या बाजूने उतरले. सर उतरले. ताईंनी सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला आणला आणि काच खाली केली.

"पास आहे ना खिशात?"

"आहे."

"मग ठीक आहे." ताईंनी पाय टेकवला. गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर पडली.

टेकडीवर आई दारातच उभी होती, हातात दुसरं सफरचंद घेऊन. तिने गाडीत वाकून बघितलं, मागची सीटही बघितली.

"जावईबापू नाही आले?"

"येतायत," ताई म्हणाल्या. "दोन बस बदलून."