अठ्ठावीस तारखेचं प्रात्यक्षिक

विद्यापीठ एवढंसं. पाच विभाग, एक ग्रंथालय, एक सभागृह, आणि सभागृहाच्या जिन्याखालच्या खोलीत पत्रकबाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. दर शुक्रवारी सकाळी नऊला विद्यापीठाचं चार पानी पत्रक निघे, ते ती काढी. पहिल्या दोन पानांवर येणारे कार्यक्रम. तिसऱ्यावर कर्मचाऱ्यांविषयीच्या घोषणा, म्हणजे नेमणुका, बदल्या, बढत्या, निवृत्ती. चौथ्यावर हरवलं-सापडलं, त्यात हरवलेलंच जास्त आणि बहुतेक छत्र्या.

पत्रकाचे नियम आधीच्या बाईंच्या काळापासून भिंतीवर चिकटवलेले होते. पत्रकात छापलं की ते सर्वांना कळवलं असं समजायचं. एखादा कार्यक्रम वगळायचा तर पत्रक निघण्याआधी पाठवणाऱ्याला तसं सांगायचं. आणि निघालेल्या पत्रकात दुरुस्ती करायची नाही. या शेवटच्या नियमामागे म्हणे एक जुना किस्सा होता. एका व्याख्यानासाठी तीन दुरुस्तीपत्रकं काढली होती, आणि शेवटी व्याख्याते एकीकडे नि श्रोते दुसरीकडे बसून राहिले होते.

सोमवारी सकाळी काचमामा दारात उभे राहिले.

"काय डॉक्टरीणबाई, जागा आहे का तुमच्या वर्तमानपत्रात?"

"तुम्हाला नाही म्हणेन का, मामा? काय हरवलं?"

"माझ्याकडे हरवण्यासारखं काय आहे! कार्यक्रम आहे. माझा."

रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला काच-कार्यशाळा होती. संशोधकांना लागणारी जी उपकरणं तयार मिळत नाहीत, तीन तोंडांचे फ्लास्क, एकात एक बसवलेल्या नळ्या, ती मामा ज्योतीवर वळवून, फुंकून देत. एकतीस वर्षं हेच काम. पत्रकबाई एके काळी त्याच विभागात संशोधन करत होती. तिच्या उपकरणाचा एक सांधा तीनदा तडकला आणि तिन्ही वेळा मामांनी कुरकुर न करता जोडून दिला. पुढे मार्गदर्शक दुसरीकडे गेले, प्रबंध अर्ध्यावर राहिला आणि ती या जिन्याखाली आली. मामा मात्र तिला डॉक्टरीणबाईच म्हणत राहिले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तो टोमणा झाला असता.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. अक्षर मोत्यासारखं. 'काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक. पुढील महिन्याची दहा तारीख, दुपारी तीन ते पाच, काच-कार्यशाळा. फक्त वीस जणांना प्रवेश. केस मोकळे सोडून येऊ नये.'

"मामी म्हणाली, एकतीस वर्षं घरी येऊन फुशारक्या मारताय, एकदा लोकांसमोर काय ते करून दाखवा. म्हटलं, दाखवतोच."

"पहिल्या पानावर टाकते."

"पहिल्या?" मामांनी चष्मा काढून पुसला. "बघ हो. नाहीतर कोपऱ्यात टाकशील छत्र्यांजवळ."

गुरुवारी सकाळी कुलसचिवांच्या कार्यालयातून तिसऱ्या पानाचा मजकूर आला. दोन नेमणुका, एक बढती, आणि खाली एक परिच्छेद. काच-कार्यशाळा चालू महिन्याच्या तीस तारखेपासून कायमची बंद करण्यात येत आहे. यापुढे उपकरणे बाहेरून मागवण्यात येतील. तेथील कर्मचाऱ्याची बदली परीक्षा विभागाच्या भांडारात करण्यात आली आहे. त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल विद्यापीठ आभारी आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पत्रक निघेपर्यंत गोपनीय.

कुठलंही मोजमाप तीनदा घ्यायचं, ही प्रयोगशाळेतली सवय तिला अजून होती. तिने परिच्छेद तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच आलं.

मामांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते दहा तारखेची चिठ्ठी घेऊन आले नसते. आणि उद्या केव्हातरी कॅन्टीनच्या फळ्यावर, चहाच्या रांगेत उभं राहून, ते हे वाचणार होते. एवढं तरी व्हायला नको, कोणीतरी त्यांना समोर बसवून सांगायला हवं, असं तिला वाटलं. ही काही फार मोठी मागणी नव्हती. तिने रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना फोन लावला.

"मॅडम, मामांशी बोललात ना तुम्ही?"

"मी? मला वाटलं, कुलसचिव बोलतील. निर्णय त्यांचा."

"ते बोललेले दिसत नाहीत."

"मग मी काय करू, सांग बरं? आणि कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या विद्यार्थिनीचं अख्खं उपकरण दुरुस्तीला पडलंय त्यांच्याकडे. आज बोलले तर उद्या ते हात तरी लावतील का त्याला?"

"मॅडम, मामा असं करणारे नाहीत."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना दुसरा फोन आला.

कुलसचिव बोलायला मऊ. टेबलावरची पेनं सरळ रेषेत लावत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं म्हणजे विभागप्रमुखांनी सांगायला हवं होतं. पण असो. पत्रक आहेच की."

"साहेब, एकतीस वर्षं आहेत ते इथे."

"म्हणून तर 'प्रदीर्घ सेवेबद्दल आभारी' घातलंय. मूळ मसुद्यात नव्हतं ते. मी घातलं."

तिने मामांची चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी ती वाचली आणि हळूच परत सरकवली.

"दहा तारखेला कार्यशाळाच नसेल. वगळा."

"वगळायचं तर आजच त्यांना सांगावं लागेल. नियम आहे."

"मग सांगा."

"का वगळलं, तेही?"

"ते नाही. ते गोपनीय आहे." यात अवघड काय आहे, असा त्यांचा चेहरा होता. "बाई, आधी कळलं की लोक सह्या गोळा करतात. फाटे फुटतात. तुमचं काम तेवढं करा, बाकीचं पत्रक करेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. दुपारी दोनला ती कार्यशाळेकडे निघाली. गोपनीय गेलं खड्ड्यात, सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं. पहिलं वाक्यही जुळवलं. 'मामा, बर्नर बंद करा आणि बसा.'

मामा ज्योतीसमोर होते. काच मऊ असताना माणसाशी बोलायचं नाही, हे तिला तिथेच शिकवलेलं. ती दाराशी थांबली. डाव्या हातात नळी एका लयीत फिरत होती, रबरी नळीचं टोक त्यांच्या दातांत होतं, गाल जरासे फुगत, आणि तापून पिवळसर झालेल्या काचेला अगदी हवा तेवढाच गोल फुगा येत होता. मॅडमच्या विद्यार्थिनीचंच उपकरण होतं ते. सांधा झाला, ज्योत मंद झाली, मामांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"ये ये, डॉक्टरीणबाई. तोंड का असं झालंय?"

"मामा, तुमच्या कार्यक्रमाबद्दल..."

"मजकूर जास्त झाला ना? वाटलंच मला! मामी म्हणत होती, केसांचं काढा. लोकांना वाटेल, न्हावी आहात." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि शेवटची ओळ खोडली. "घे. आता बसेल."

"मजकुराचं नाही, मामा."

"मग वीस लोक फार होतात? दहा कर. दहा आले तरी डोक्यावरून पाणी."

"तारखेचं आहे." हे वाक्य तिने जुळवलेलं नव्हतं. पण खोटंही नव्हतं. "दहा तारीख जमत नाही."

"कोणाला?"

"विद्यापीठाला."

"हात्तिच्या! एवढंच?" मामा हसले. "मग अलीकडे घे. या महिन्याची अठ्ठावीस घाल. माझं काय, मी इथेच आहे."

अठ्ठावीस. तिच्या डोक्यात वजाबाकी झाली. अठ्ठावीसला कार्यशाळा चालू असणार होती. साहेबांनी दहा तारखेचा कार्यक्रम वगळायला सांगितला होता, अठ्ठावीसबद्दल ते काही बोलले नव्हते. म्हणजे वगळायचं काहीच उरत नव्हतं, आणि मामांना त्यांचे दोन तास मिळत होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हा. फक्त इथे बुडत होते एक आणि काडी धरत होती दुसरीच.

"चालेल," ती म्हणाली. मामांनी तारीख खोडून नवी घातली. जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडात तसंच होतं. "मामा, उद्याचं पत्रक पूर्ण वाचा हं. तिसरं पानसुद्धा."

"तिसऱ्या पानावर काय, बदल्या नि बढत्या. मला ना बदली ना बढती. एकतीस वर्षं हे स्टूल आणि मी. आता तर कोण कोणावर बसलंय तेही कळत नाही."

ती हसली. नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे हसणं.

शुक्रवारी ती आठलाच आली. नऊला पत्रक सगळ्यांच्या संगणकांवर जाई आणि छापील प्रती फळ्यांवर लागत. नऊ वाजले की गोपनीय संपलं. नऊ वाजून एक मिनिटाने मामांना गाठायचं, असा तिचा बेत होता. एक मिनिटात कोणी तिसऱ्या पानावर पोचत नाही. नऊच्या ठोक्याला तिने पत्रक पाठवलं, एक प्रत उचलली आणि जवळजवळ पळतच कार्यशाळा गाठली. दाराला कुलूप होतं.

मामा आज कधी नव्हे ते आधी कॅन्टीनला गेले होते. आपला कार्यक्रम फळ्यावर बघायला.

ती खोलीत परतली तेव्हा फोन वाजत होता. ग्रंथपाल होते. अठ्ठावीसच्या प्रात्यक्षिकाला त्यांचं नाव घालायचं होतं. तो ठेवला तर भौतिकशास्त्राचे दोघे. मग लेखा विभागातल्या चौघीजणी एकदम. संगणकावर संदेश एकाखाली एक येऊन पडत होते. या विद्यापीठात व्याख्यानाला खुर्च्या भरायच्या तर वसतिगृहातून मुलं हाकून आणावी लागत. साडेनऊच्या आत वीस नावं झाली आणि मग थांबेचनात. एका संदेशात लिहिलं होतं, 'शेवटचं आहे, चुकवायला नको.' कोणीतरी खाली रडका चेहरा टाकला होता. लोकांनी तिसरं पान वाचून पहिलं वाचलं होतं.

पावणेदहाला मामा आले. हातात फळ्यावरून काढलेलं पत्रक, चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.

"मी पहिलंच पान वाचत होतो," ते म्हणाले. "कॅन्टीनमध्ये मॅडम भेटल्या. म्हणाल्या, मामा, फार वाईट वाटलं. म्हटलं, कशाचं हो? तर त्या कॉफी घ्यायला गेल्या."

"मामा, बसा ना."

ते बसले नाहीत. "काल तुला ठाऊक होतं."

"हो."

"सांगायला आली होतीस?"

"हो."

"मग?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं: साहेब, मॅडम, भिंतीवरचे नियम. त्यातलं एकही 'मग' या शब्दाला पुरत नव्हतं.

"मला वाटलं, अठ्ठावीसला तरी तुमचं काम लोक बघतील. निदान एकदा."

मामांनी मान हलवली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"काढून टाक तो कार्यक्रम."

"निघालेल्या पत्रकात दुरुस्ती होत नाही, मामा." बोलता बोलताच तिला कळलं की आपला आवाज साहेबांसारखा मऊ झाला आहे. ती पटकन म्हणाली, "मी विचारते. मी आत्ता साहेबांना विचारते."

फोन लावण्याची गरज पडली नाही, साहेबांचाच आला. मामा समोर उभे होते आणि जुन्या फोनमधून आवाज खोलीभर ऐकू येत होता. प्रतिसाद फारच चांगला आहे, बाई. कल्पना उत्तम होती तुमची. कार्यशाळेत एवढे लोक मावणार नाहीत, तेव्हा सभागृहात घेऊ. पुष्पगुच्छाचं मी बघतो.

"साहेब, सभागृहात गॅसची नळी नाही. ज्योत लावता येणार नाही."

"ज्योत कशाला हवी? धोकाही नको. मामांनी चार शब्द बोलावेत. एखादी वस्तू आणावी दाखवायला. लोकांना तेवढंच पुरतं."

"पण ते प्रात्यक्षिक आहे, साहेब. मामांची इच्छा..."

"त्यांना माझ्याकडून अभिनंदन कळवा," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला गेला.

मामा आता बसले. पत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"चार शब्द," ते म्हणाले. "एकतीस वर्षं तोंडात नळी होती माझ्या. लोकांपुढे उभं राहून बोलायचं कसं, ते कुठे येतंय मला? ज्योत असती तर बोलावं लागलं नसतं."

"मी त्यांना 'नाही' म्हणून सांगते. पुन्हा जाते."

"जाशील. ते ऐकतील तुझं?"

टेबलावरच्या यादीत चौतीस नावं होती. पस्तिसावं मॅडमचं होतं, नुकतंच आलेलं.

"मामी येईल म्हणते," मामा म्हणाले. "सोमवारीच साडी काढून ठेवलीय तिने." त्यांनी पत्रकाची घडी खिशात घातली. "तूच लिहून दे काय ते. तुम्ही पत्रकात लिहिता, तसलं. आभारी वगैरे."

"मामा..."

"मोठ्या अक्षरात लिही. चष्मा घातला की लोक नीट दिसत नाहीत मला."

फोन पुन्हा वाजू लागला. मामांनीच हात करून तिला तो घ्यायला सांगितलं. तिने घेतला, पलीकडच्या माणसाचं नाव ऐकलं आणि छत्तिसाव्या ओळीवर लिहून घेतलं.