गाड्या नसलेलं गाव

सईनं त्या गावाचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा तिच्या आईला, उल्काला वाटलं, तिच्या शाळेतल्या एखाद्या मुलीचं नाव असेल.

"वेंगेन," सई म्हणाली. "स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथे गाड्या नाहीत. लाइक, अलाउडच नाहीत. ट्रेननं डोंगरावर जायचं आणि मग सगळे चालतात."

ऑक्टोबरमधला रविवार होता. अमेरिकेत, त्यांच्या बॉथेलमध्ये सकाळपासून भुरभुर चालू होती आणि उल्काचा नवरा परीक्षित थालीपीठं वाढत होता. उलथनं हातात तसंच धरून तो म्हणाला, "जाऊ या की! फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी असतेच."

"स्कीइंग इथे होतंच ना आपलं?" उल्का म्हणाली.

"स्कीइंगसाठी नाही," सई म्हणाली. "मला तिथे सकाळी एकटीनं बेकरीत जायचंय. ब्रेड आणायला. बस, एवढंच."

सई तेरा वर्षांची होती. ती दहाची असताना डॉक्टरांनी रेटिनाच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिची नजर कडेनं आत आत येत चालली होती. कागदाची सुरळी डोळ्याला लावून जेवढं दिसतं तेवढं आता तिला दिसायचं. पुस्तक वाचता यायचं. पण बाजूनं रिव्हर्स येणारी गाडी दिसायची नाही. दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये उल्का अजून तिचा दंड घट्ट धरून चालायची. सई दंड कडक करायची.

गेले दोन हिवाळे मात्र ती जवळच्या स्नोक्वाल्मी घाटातल्या बर्फाच्या उतारावर स्की करायला शिकत होती. पुढे एक गाइड, हेल्मेटमध्ये त्याचा आवाज, 'लेफ्ट, लेफ्ट, नाऊ राइट', आणि मागे सई, सुसाट. खाली उभ्या असलेल्या उल्काला ते बघवायचंही नाही आणि नजर हलवताही यायची नाही.

परीक्षितनं उत्साहानं एक स्प्रेडशीट केली, तिला चार रंग दिले, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कामात बुडाला. उरलेलं सगळं उल्काकडे आलं. ती एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये होती. हजारो नमुन्यांच्या नळ्यांत तिची कधी गल्लत झाली नव्हती. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात तिचं डोकं चालेना. झुरिकला उतरायचं की जिनिव्हाला? वाटेतल्या एका गावाला स्टेशनं दोन, नावं जवळजवळ सारखी. हॉटेल फक्त शनिवार ते शनिवार खोली देणार, परवडणारं विमान रविवारी पोचणार. सईचा पासपोर्ट अमेरिकन, तिला व्हिसा नको. या दोघांचे भारतीय, त्यांना हवा.

"ट्रेनचा पास घेतला की सगळं त्यात येतं," परीक्षित म्हणाला.

"सगळं म्हणजे काय?"

"सगळं म्हणजे... बघायला लागेल."

तरी तिनं हॉटेल बुक केलं. पंधरा नोव्हेंबरपर्यंत कॅन्सल करता येणार होतं, त्या एका गोष्टीवर तिची भिस्त होती.

मग एका दुपारी, स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बॅगा कशा न्यायच्या हे शोधताना तिला कुणीतरी काढलेला एक व्हिडिओ दिसला. बर्फानं भरलेला रस्ता, लाकडी घरं, हातात पिशवी घेतलेली एक बाई. अचानक ती बाई दचकून बाजूला झाली आणि तिच्या अंगावरून, म्हणजे हातभर अंतरावरून, एक चौकोनी डब्यासारखी छोटी गाडी गेली. बॅगा लादलेली, बॅटरीवर चालणारी. उल्कानं लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो तुकडा पुन्हा लावला. बाईच्या बुटांचा आवाज आला. गाडीचा आलाच नाही.

तिनं तो पाच वेळा पाहिला. गावात गाड्या नव्हत्या हे खरं होतं. पण ज्या होत्या त्या ऐकू येत नव्हत्या. आणि सई रस्ता ओलांडायची ती कानांच्या भरवशावर.

तिनं हॉटेलला मेल लिहिली. आधी लिहिलं, मुलीची नजर अधू आहे. उत्तर आलं की खोलीत दिवे भरपूर आहेत. मग तिनं सरळ लिहिलं, माझी मुलगी आंधळी आहे. हा शब्द घरात कुणीच कधी उच्चारला नव्हता.

या वेळी सविस्तर उत्तर आलं. होय, बॅटरीच्या गाड्या आहेत, हळू चालतात, ताज्या बर्फावर खरोखर ऐकू येत नाहीत. घसरगाड्याही येतात. आम्ही ड्रायव्हरना सांगून ठेवू. मुलीनं पिवळं जॅकेट घातलं तर बरं.

संध्याकाळी तिनं परीक्षितला व्हिडिओ दाखवला.

"तिला सांगू नकोस," तो लगेच म्हणाला. "आपण लांबून मागे राहू. तिला कळणारही नाही."

"म्हणजे फसवायचं? कॅन्सल करू या ना त्यापेक्षा."

"कॅन्सल करून काय सांगणार तिला?"

दुसऱ्या दिवशी डबे भरताना परीक्षित म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. कॅन्सल करू." आणि उल्का तोपर्यंत 'आपण मागून चालत राहू' इथपर्यंत आली होती. आता कोण कुणाला समजावणार, हेच कळेना.

शेवटी शनिवारी सकाळी उल्कानं सईला सगळं सांगितलं. गाड्यांचं सांगताना सई शांत होती. "ओके," ती म्हणाली. "मग हॉटेल काय म्हणालं?"

उल्कानं फोन तिच्या हातात दिला. सईनं अक्षरं मोठी केली आणि आईच्या मेलच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मग थांबली.

"यू टोल्ड देम आय ॲम ब्लाइंड?"

"अगं, आधी दुसरं लिहिलं होतं. त्यांना कळलंच नाही..."

"मी आत्ता हे वाचतेय, आई! आय ॲम रीडिंग इट!"

"मग काय लिहायला हवं होतं मी? सांग ना. मला खरंच माहीत नाही."

सईलाही माहीत नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला आणि डोळे भरले. "आणि यलो जॅकेट मी घालणार नाही."

"पण स्नोक्वाल्मीला तर तू जॅकेटवरून तो केशरी बिब घालतेस. त्याच्यावर तर तेच लिहिलेलं असतं. ब्लाइंड स्कीअर."

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"तिथे मी फास्ट असते," सई म्हणाली आणि रडायला लागली.

उल्काला आधी काही समजलं नाही. उतारावर तो शब्द पाठीवर लावून लोकांना मागे टाकत जाणं आणि त्याच शब्दानिशी रस्त्यात चाचपडत उभं राहणं, यांत काय फरक आहे हे तिच्या हळूहळू लक्षात आलं, तेही अर्धवटच. ती जवळ जाऊन बसली. सईनं तिला दूर केलं नाही.

थोड्या वेळानं सईनं नाक पुसलं. "तिथे आता किती वाजलेत?"

"पाच. संध्याकाळचे."

सईनं स्वतः फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाई सावकाश, स्पष्ट इंग्रजी बोलत होत्या. सई म्हणाली, माझ्या आईनं मेल केली होती, मला थोडं दिसतं, समोरचं दिसतं, बाजूचं नाही. हे तिनं इतकं सोपं करून सांगितलं की उल्का बघतच राहिली. मग तिनं प्रश्न विचारले. बेकरी हॉटेलच्याच बाजूला आहे का? नाही, रस्त्याच्या पलीकडे. गाड्या कधी जास्त असतात? ट्रेन आल्यावर. मग ट्रेन आणि ट्रेनच्या मध्ये रस्ता मोकळा असतो? बाई म्हणाल्या, बऱ्यापैकी. पण मी खात्री देणार नाही.

"थँक यू," सई म्हणाली. फोन ठेवून तिनं आईकडे मान वळवली. "मी काठी नेणार. शाळेत नेते ती पांढरी. जॅकेट नाही. आणि पहिल्या दिवशी बाबा माझ्यासोबत येईल, रस्ता दाखवायला. दुसऱ्या दिवशी मी एकटी."

"आणि मी?"

"तू खोलीत थांबायचं. खिडकीतून पण नाही बघायचं."

उल्का म्हणाली, "बरं." ते तिनं मनापासून म्हटलं की नुसतं तोंडदेखलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी आपण खोलीत बसून राहू की बूट घालून मागे धावू, याचाही तिला पत्ता नव्हता.

पंधरा तारीख आली आणि गेली. हॉटेल कॅन्सल झालं नाही. त्या रविवारी तिघं विमानाच्या सीट निवडायला बसले. परीक्षितनं सईसाठी मधल्या वाटेजवळची सीट धरली. उठायला-बसायला सोपं, अडखळायला नको.

"नो," सई म्हणाली. "विंडो."

परीक्षितनं उल्काकडे पाहिलं. उल्कानं खांदे उडवले आणि माउस स्वतःकडे ओढून खिडकीची सीट घेतली.