गुंडानं उचललेला बेल-भंडार

भवानी पेठेत शंकरप्पांचं घोंगड्यांचं दुकान होतं, पण तिथं घोंगडं घ्यायला आलेल्या माणसाला आधी फुटबॉल ऐकून घ्यावा लागे. गिऱ्हाईक लोकर चाचपून बघतंय आणि शंकरप्पा त्याला सांगतायत, परवा रेल्वेवाल्यांचा बॅक कसा तोंडावर आपटला ते. गिऱ्हाईक शहाणं असलं तर हं हं करत बसून राही आणि जाताना घोंगडं कमी भावात पदरात पाडून घेई. शंकरप्पांच्या बायकोला, काशम्माला, हे पक्कं ठाऊक होतं. "या फुटबॉलनं आपल्याला काय दिलं, री?" असं ती कानडी ढंगात विचारी. शंकरप्पा घोंगड्यांच्या घड्या घालत राहत. खरं सांगायचं तर कुठल्याच शौकिनाकडे याचं उत्तर नसतं.

स्वतः शंकरप्पांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पोट सुटलेलं, धोतराचा सोगा हातात, असा माणूस पळणार तरी कुठं? पण सीना मिलचा संघ हरला की त्यांना भाकरी गोड लागत नसे. तीस सालचा मार्शल लॉ उठून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. सोलापुरातले मिलवाले चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरीवर घेत. मस्टरवर तो कुठल्यातरी खात्यातला कामगार, पण घेतलेला असे पायांसाठी. त्यामुळे खेळाडू यंदा या मिलचा, तर पुढच्या साली त्या मिलचा. शौकीन मात्र जागचा हलत नाही. त्याला कोण नोकरीवर बोलावतंय!

सीना मिलच्या डाव्या कडेला गुंडा खेळे. माढ्याकडचा धनगर. शंकरप्पांच्या दुकानी लोकर घेऊन यायचा. एकदा भर बाजारात एक एडका दावं तोडून उधळला, तेव्हा गुंडानं त्याला ज्या तऱ्हेनं आडवं जाऊन, हुलकावणी देऊन धरला, ते शंकरप्पांनी दुकानाच्या पायरीवरून बघितलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनीच त्याला सीना मिलच्या कारकुनाकडे नेलं. फुटबॉल म्हणजे काय हे गुंडाला तोवर ठाऊक नव्हतं. वर्षाच्या आत सगळं सोलापूर त्याला नावानिशी ओळखायला लागलं. बूट घातलेल्या गड्यांमधून हा अनवाणी निघायचा आणि कुणाच्या हाती लागायचा नाही.

एवढं असूनही गेल्या साली शील्ड स्पर्धेच्या फायनलला सीना मिल हरली, तीही भोगावती मिलकडून. पाठोपाठ बाजारात कुजबुज सुरू झाली की भोगावतीवाले आता गुंडाला ओढणार. शंकरप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गुंडाला दुकानात बोलावलं. सोबत नवी पेठेतला ज्ञानबा शिंपी होता. संघाचे निळे सदरे तो शिवायचा आणि शौकाच्या बाबतीत शंकरप्पांना मागं सारायचा.

आता शंकरप्पा लिंगायत आणि गुंडा धनगर, पण खंडोबा दोघांचाही जावई. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, दुसरी बाणाई धनगराची. या नात्यावरून दोघांची नेहमी चेष्टा चाले. "थोरली आमची," शंकरप्पा म्हणत. "पर देवाचा जीव धाकटीवर," गुंडा म्हणे. त्या दिवशी मात्र चेष्टा नव्हती. शंकरप्पांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक समोर मांडला, गुंडाच्या तळहातावर बेलाचं पान आणि पानावर चिमूटभर भंडारा ठेवला. गुंडानं हात वर उचलला.

"सीना मिल सोडून दुसऱ्या कुनासाठी चेंडूला पाय लावनार न्हाय," तो म्हणाला.

बेल-भंडार उचलला म्हणजे विषय संपला. कोर्टातला कागद एकवेळ फिरवता येतो, हे फिरवता येत नाही. ज्ञानबाच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकरप्पा त्या रात्री गेल्या कित्येक दिवसांत झोपले नव्हते असे झोपले.

यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, मैदानावर पुन्हा चेंडू दिसायला लागला, आणि एका दुपारी गुंडाची बायको मायाक्का दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"आप्पा, एक मागाया आले हाय. न्हाय म्हनू नगा."

"बोल की."

"त्यास्नी घातलेला बेल-भंडार उतरवा."

शंकरप्पांना वाटलं, भोगावतीवाल्यांनी हिला फितवली. ते कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मायाक्का खालमानेनं सांगत गेली. मिलनं गुंडाला पिंजणखात्यात घातलं होतं. गाठी फोडायच्या, कापूस पिंजायचा. सगळं खातं धुक्यात असावं तसं कापसाच्या तुसानं भरलेलं. ते तूस दोन वर्षं त्याच्या छातीत जात होतं. सकाळी उठला की खोकल्यानं दुमडतो. जिना चढला की भिंत धरतो. भोगावती मिल त्याला आवारातल्या बागेचं काम देत होती. झाडांना पाणी घालायचं, उघड्यावर राहायचं.

"मंग तो का आला न्हाय? तुला का धाडलं?"

"त्यांनी न्हाय धाडलं. ते म्हनत्यात, आप्पांनी हातावर ठेवलंय, देवाचं हाय, त्यात बोलायचं न्हाय. छाती फुटंल त्यांची, पर बोलायचे न्हाईत."

शंकरप्पा त्याच दिवशी सीना मिलच्या कारकुनाकडे गेले आणि गुंडाचं खातं बदला म्हणाले. कारकून हसला. पिंजणखात्याचा मुकादम फुटबॉलवेडा, म्हणून सरावाला सुट्टी देतो. दुसऱ्या खात्यात गेला तर सराव कुठला? "तुम्हाला खेळाडू हवाय की नको, शंकरप्पा?" त्यानं विचारलं. शंकरप्पा घरी आले.

दुसऱ्या दिवशी मायाक्का पुन्हा आली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "एवढी शील्ड होऊ दे. मंग बघू."

"शील्ड झाल्यावर भोगावतीवाल्यांला त्यांचं काय काम, आप्पा? खेळनाऱ्यांची नावं येत्या गुरवारी द्यायची हाईत." एवढं बोलून ती गेली.

आतून काशम्मानं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. "तो पळाला की तुमाला बरं वाटतं. त्याला बरं वाटतं का, ते कदी विचारलं?"

"तुला खेळातलं काय कळतंय?"

"साकु, साकु," ती म्हणाली. पुरे झालं म्हणायचं असलं की ती कानडीत शिरे. "खेळातलं न्हाय कळत. खोकल्यातलं कळतं. माजा बाप खोकूनच गेला."

शंकरप्पा काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मनात एक साधा हिशेब होता: महिनाभराचा तर प्रश्न आहे. इतकी वर्षं वाट बघितली, यंदा शील्ड येणार हे लहान मूलही सांगेल, आणि ती ज्याच्या पायांनी येणार तोच नेमका जाणार? शिवाय मायाक्का बाईमाणूस, थोडं वाढवून सांगत असेल. रविवारी रेल्वेवाल्यांशी साधा सामना होता. आपण स्वतः डोळ्यांनी बघू, असं त्यांनी ठरवलं. चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त गुंडाच्या दमाकडे बघायचं.

किल्ल्यापलीकडच्या मैदानावर नेहमीच्या जागी ते उभे राहिले, शेजारी ज्ञानबा. पहिला अर्धा डाव त्यांनी ठरवल्याप्रमाणे काढला. आणि मायाक्कानं वाढवून सांगितलं नव्हतं, उलट कमीच सांगितलं होतं. चेंडू दुसऱ्या कडेला गेला की गुंडा गुडघ्यांवर हात टेकून वाकायचा. तोंड उघडं. बरगड्या सदऱ्यातून वरखाली होताना दिसत होत्या. एवढे दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही? कारण त्या वेळी आपण चेंडूकडे बघत होतो. हजारभर माणसं होती, सगळी चेंडूकडे बघत होती.

मग शेवटाकडे चेंडू उंच उडून डाव्या कडेला पडला. पुढं मैदान मोकळं होतं. गुंडा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्यानं मान वर केली.

"पळ गुंडा! पळ!"

गुंडा पळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, गोलकीपर पुढं आला त्याच्या बगलेतून चेंडू आत. मैदान नुसतं उसळलं. ज्ञानबानं टोपी हवेत फेकली, ती सापडलीच नाही. शंकरप्पा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते, आनंदानं त्यांचे डोळे वाहत होते. त्याच डोळ्यांनी त्यांनी बघितलं, तर गुंडा गोलाच्या मागं मातीत बसला होता आणि खोकून खोकून त्याचं कपाळ जमिनीला टेकलं होतं.

पळ म्हणून ओरडलं कोण? घसा आपलाच दुखतोय, हे शंकरप्पांच्या तेव्हा ध्यानात आलं. एवढ्या गर्दीत त्या माणसाचं दुखणं ठाऊक असलेला एकटा मी, आणि सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो. ओरडण्याआधी क्षणभर तरी आठवावं? नाही आठवलं. आपण या माणसावर मुलासारखी माया करतो असं त्यांना आजवर वाटत होतं. ती माया त्याच्या घोट्याच्या वर कधी चढलीच नव्हती. शंकरप्पांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोमवारी संध्याकाळी मिलचा भोंगा झाल्यावर ते गुंडाच्या खोलीवर गेले. उपरण्याच्या गाठीत भंडारा, बेल आणि खंडोबाचा टाक. गुंडा भिंतीला टेकून बसला होता. त्यांना बघून धडपडत उठला.

"बस, बस. गुंडा, तुझा बेल-भंडार मी उतरवाया आलोय."

गुंडानं मायाक्काकडे रागानं बघितलं. मग म्हणाला, "आप्पा, यंदाची शील्ड आपली हाय. कालचा गोल बघितला न्हवं?"

"बघितला. त्याच्यामागनं काय झालं त्येबी बघितलं."

"पर उतरवायचं कसं? उचलल्यालं भुईवर ठेवाया येत न्हाय. दुसऱ्याला त्याच्या बदली आपला येक शबूद हातावर घ्यावा लागतो, तसाच जड."

हे खरं होतं. धनगरांत तशीच रीत होती आणि शंकरप्पांना ती माहीत होती. त्यांनी टाक मांडला, उजवा हात पुढं केला. "मंग मी घेतो. ठेव."

"तुमी काय बोलनार? तुमाला कंची मिल नेनार हाय?"

मायाक्का पदराआड हसली. शंकरप्पाही हसले. मग गुंडानं बेलाचं पान आणि भंडारा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांनी हात वर केला. वाटेत येताना त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते.

"आजपासनं मी मैदानावर जानार न्हाय. सामना बघनार न्हाय."

"आप्पा!" गुंडा ओरडलाच. "ह्ये लई झालं. आसं करू नगा."

"लई कसलं? माझं तोंड मला ठाऊक हाय. तू भोगावतीचा लाल सदरा घातलास तरी मी तितं हुबा ऱ्हाऊन पळ म्हननार. आन् तू ऐकनार." त्यांनी भंडारा आधी गुंडाच्या आणि मग आपल्या कपाळाला लावला. "भोगावतीत जा. झाडाला पानी घाल. खेळ तुझ्या दमानं."

गुंडा लाल सदऱ्यात दिसला तेव्हा भवानी पेठेनं आणि नवी पेठेनं शंकरप्पांना धारेवर धरलं. ज्ञानबानं तर बोलणंच टाकलं, समोरून आला की रस्ता बदली. शंकरप्पांनी कुणाला काही समजावलं नाही. छातीच्या दुखण्याचं गावभर झालं असतं तर भोगावतीवाल्यांनीही गुंडाला दारात उभं केलं नसतं.

फायनलच्या दिवशी पेठ ओस पडली. सीना मिल आणि भोगावती मिल, पुन्हा त्याच दोघी. शंकरप्पा दुकानात घोंगड्यांच्या घड्या मोडत आणि पुन्हा घालत बसले. उन्हं कलली तसा किल्ल्याकडून पहिला गलका आला. ते उठून पायरीपर्यंत गेले, तिथून माघारी फिरले. गोल कुणाचाही असो, लांबून सारखाच ऐकू येतो. थोड्या वेळानं दुसरा गलका. शंकरप्पांनी हात जोडले, पण देवाकडे काय मागावं तेच कळेना. निळ्यांसाठी मागावं तर गुंडा आडवा येई, आणि गुंडासाठी मागावं तर आजवरचं सगळं आयुष्य आडवं येई. शेवटी तिसरा, मोठा गलका उठला. काशम्मा आतून आली आणि त्यांच्याजवळ बसली.

दिवेलागणीला माणसं परतू लागली. त्यांच्या चालण्यावरूनच निकाल कळत होता. ज्ञानबा पायरीसमोर थांबला. त्याच्या मनातली आग एवढी होती की बोलणं टाकलेलं तो विसरला.

"झालं समाधान? हरलो. एकास दोन. आन् शेवटचा गोल कुनी घातला ठाव हाय? तुमच्या गुंडानं. आगदी शेवटाला, मधल्या रेघेपासनं एकटा पळत सुटला."

"मधल्या रेघेपासनं?" शंकरप्पा उठून उभे राहिले. "शेवटाला? दम लागला व्हता का रं त्याला?"

ज्ञानबा बघतच राहिला. शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या रविवारी गोलामागं मातीत बसलेला गुंडा त्यालाही आठवला असावा.

"न्हाय," तो सावकाश म्हणाला. "गुडघ्याला हात लावला न्हाय त्यानं आज. गोल घातला आन् तसाच पळत माघारी आला."

शंकरप्पांना रडू फुटलं. सीना मिल हरली म्हणून की गुंडा पळाला म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.