माझ्या बैलांची खांदमळणी

मी एक जुना कॅनव्हास आहे. मित्रांनो, माझ्यावर कापडी छपराची बैलगाडी आहे, दोन तांबडे बैल आहेत आणि पश्चिमेच्या माळाकडे निघालेलं एक अमेरिकन कुटुंब आहे. कान्ससच्या एका शाळामास्तराने त्या वसाहतकऱ्यांच्या धाडसाचं कौतुक म्हणून मला रंगवलं. त्या माळावर आधीपासून राहणारी माणसं मात्र त्याने काढलीच नाहीत. त्याची ती चूक मीही मिरवत आलो.

निशिकांतने मला तिथल्या प्रोजेक्टवर असताना विकत घेतलं. आता मी सिंगापुरात, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या वर असतो. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, घर सोडून निघायला छाती लागते. तो स्वतः खिडकीची सीट मागून घेऊन, कुकरसकट विमानाने इथे आला, हे त्याची बायको उल्का लगेच जोडते.

पण माझा खरा मान पोळ्याचा. निशिकांतची आई, सुरेखाआजी, अमरावतीहून इथे राहायला आल्या. कॉन्डोत, या बंदिस्त सोसायटीत, बैल कुठून मिळणार? त्यांनी माझेच बैल धरले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, ती खांदमळणी त्या माझ्यावर करायच्या आणि म्हणायच्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शेजारणीही बोट लावून जायच्या. मीनलचं बोट जेमतेम ओलं, विनीताचं तुपात बुडालेलं. कोणाची माया किती, याची नोंद माझ्याकडे आहे. चार वर्षं मी राजासारखा राहिलो.

तुपावर धूळ बसत गेली. यंदा उल्काने कापडाने पुसलं, तर डाव्या बैलाचा खांदाच कापडावर आला. निशिकांत वैतागला. मला बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवून देऊ म्हणाला. इथल्या नव्या फ्लॅटांत अशी जाड दाराची, बिनखिडकीची खोली असते. जुन्या बॅगा आणि न वापरलेली व्यायामाची सायकल तिथेच राहतात. आजींनी विचारलं, मग पूजा कशाची करू?

तेव्हा त्यांची नऊ वर्षांची नात जाई माती घेऊन बसली. तिने दोन बैल केले. शिंगं सशाच्या कानांसारखी, एकाचं पोट जमिनीला टेकलेलं. आजींनी त्यांना पाटावर मांडलं. माझं तूप, माझी हळद, माझं आवतण, सगळं तिकडे गेलं. शेजारणी म्हणाल्या, किती गोड. मी कान्ससचा, अस्सल तेलरंगाचा, आणि हे कालचे, अजून धड वाळलेलेही नाहीत. मी आतून जळलो.

मग सवयीने आजींचं बोट माझ्याकडे वळलं. मला फार बरं वाटलं. पण जाई मध्ये उभी राहिली आणि इथल्या शाळेत लागलेल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडत म्हणाली,

"आजी, डोन्ट टच लाह. त्याचा रंग जातो. म्हणून तर मी हे दोघे केले. बाबा, आता त्याला इथेच राहू दे ना."

आजींनी बोट पदराला पुसलं. निशिकांतने खिळा हलवून पाहिला, मला सरळ केलं आणि चहा मागितला.

मित्रांनो, चित्रावर माया करायची तर हात मागे बांधून करा. त्या मातीच्या बैलांचा मत्सर मी अजूनही करतो, अगदी रोज करतो. बॉम्ब शेल्टरमधून ते दिसले नसते.