बहिरीची हजेरी

आमच्या नदीचं नाव बहिरी. तिला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, येऊ नये म्हणून. उसाच्या मळ्यातून पळालेले आमचे पूर्वज तिच्या पाण्यातूनच डोंगरात चढले, कारण पाण्यात कुत्र्यांना माग लागत नाही. तेव्हापासून काठावर कुणी कुणाचं खरं नाव घेत नाही. तिथे मी ‘फणस’ आणि माझी मावशी ‘चमचा’. आमच्या डॉमिनिका बेटावर नद्यांना तोटा नाही, पण ही शिस्त फक्त आमच्या गावात.

नवा पूल झाला. उद्घाटनाला वर्गणीदारांची यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मला गंमत सुचली. पुलाच्या मधोमध उभा राहून मी सगळ्यांची बाप्तिस्म्याची नावं भोंग्यातून वाचली. लोक हसले. खालचं पाणी क्षणभर थांबलं. मला वाटलं, तेही दाद देतंय.

सोमवारी सकाळी नदीने यादीतलं पहिलं नाव घेतलं. इग्नेशस न्हावी. आवाज सभ्य होता, कचेरीत पुकारा करतात तसा. इग्नेशस “आलोच” म्हणाला, वस्तरा पुसून ठेवला आणि गेला. त्याच्या चपला खडकावर सापडल्या, नीट जोडून ठेवलेल्या. ओबेद म्हातारा अर्धी दाढी घेऊन दोन तास खुर्चीत बसून होता.

मंगळवारी दुसरं नाव. ती बाई लेकीकडे शेजारच्या ग्वादलुप बेटावर गेलेली. नदी अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिली.

यादीत तिसरं नाव मावशीचं होतं.

“कानात कापूस घाल,” मी म्हणालो.

“बहिरी ती. मी नाही.”

“मग निदान ओ देऊ नकोस.”

“साठ वर्षांत कुणी हाक मारली आणि मी ओ दिली नाही, असं झालंय का? तुला वळण नाही म्हणून मलाही नाही?” ती कोको ओतत होती. निम्मा बशीत सांडला.

तेवढ्यात ओबेद आला, अर्ध्या दाढीनिशी. “फणसा, गाढवपणा तू केलास, आता पायपीटही तूच कर. घरोघर जा. मळ्याचे शिकारी एकाचं नाव पुकारायचे, तेव्हा अख्खा डोंगर ओ द्यायचा. कुणाला धरायचं, तेच त्यांना कळायचं नाही.”

बुधवारी सकाळी गाव काठावर होतं. मावशीला आणि मला धरून लहानमोठी एकोणचाळीस माणसं, दोन्ही तीरांवर, केळीत, चर्चच्या छपरावर.

“अल्फोन्सिन,” नदी म्हणाली.

मावशीचं तोंड उघडलं. तिच्याबरोबर सगळ्यांचंच.

“ओ.”

पाणी थबकलं. एका तीराकडे सरकलं, मग दुसऱ्याकडे. शेवटी निमूट वाहू लागलं. मावशी माझ्या शेजारीच होती, चपला पायात.

पण ओ मी मोजल्या होत्या. चाळीस. शेवटची जरा उशिरा आली, पुलाखालून, आणि ती ओ नव्हती. “आलोच” होतं.

आता नदी रोज सकाळी तेवढं एकच नाव घेते आणि आम्ही सगळे ओ देतो. ताप आलेले खाटेवरून देतात. मावशी चिडते, “माझं नाव वापरताना विचारलंत का कुणी?”

ओबेद मात्र ओ देऊन झाली तरी पुलावरून हलत नाही. उरलेल्या गालाला साबण लावूनच येतो.